ओईटी देताय? आधी पत्र लिहायला शिका

"इंग्रजी सिनेमे बघ, बातम्या ऐक, आपोआप जमेल." कोल्हापुरात ओईटीची, म्हणजे परदेशी नोकरीसाठी नर्स-डॉक्टर देतात त्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करणाऱ्या प्रत्येक स्टाफ नर्सला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूरहून ड्युटी सांभाळून क्लासला येणाऱ्या मुलींना मी बरीच वर्षं शिकवतेय, आणि सिनेमे बघून सुटलेलं एकही पत्र मला अजून दिसलेलं नाही. बहुतेक जणी अडतात त्या लेखनात, म्हणजे पेशंटविषयी लिहायच्या पत्रात, म्हणून या लेखात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी परीक्षा ठरवा. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी करणाऱ्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएस ॲकॅडमिक ही सर्वसाधारण इंग्रजी परीक्षा आणि ओईटी दोन्ही चालतात. आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटीत त्याच तिन्हींत ३५०, म्हणजे बी ग्रेड, आणि लेखनात ३००, म्हणजे सी प्लस. डॉक्टरांसाठी जनरल मेडिकल कौन्सिल चारही भागांत ३५० मागतं, त्यामुळे डॉक्टर मैत्रिणीचा आकडा स्वतःला लावू नका. माझं मत पक्कं आहे: वॉर्डात काम करणाऱ्या नर्सनं ओईटीच द्यावी. आयईएलटीएसचा निबंध पर्यटनावरही येतो आणि शहरनियोजनावरही. ओईटीत पेशंट, जखम, औषधं आणि नातेवाईक असतात.

ऐकण्याच्या भागात ऑडिओ एकदाच वाजतो, तेव्हा घरीही एकदाच ऐकून सराव करा. वाचनाच्या पहिल्या भागात १५ मिनिटांत २० प्रश्न असतात. तिथे मजकूर समजून घेत बसू नका, उत्तर शोधा आणि स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा.

आता पत्र. एकूण ४५ मिनिटं असतात. पहिली ५ फक्त केस नोट्स, म्हणजे पेशंटच्या दिलेल्या नोंदी, वाचायला, त्यात काहीही लिहायचं नाही. उरलेल्या ४०मध्ये साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं. नोट्स मात्र यापेक्षा खूप जास्त माहिती देतात, आणि ते मुद्दाम असतं. कोणती माहिती पत्रात घ्यायची आणि कोणती सोडायची, हे तुम्हाला ठरवता येतं का, तेच तपासलं जातं. मलाही सुरुवातीला सगळ्यात जड गेलं ते हेच. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर सगळं लिहायची सवय असते आणि काही गाळलं की जीव धाकधूक करतो.

म्हणून नोट्स हातात आल्या की पेशंटची हिस्टरी आधी वाचू नका. शेवटी दिलेला टास्क वाचा: पत्र कुणाला आहे आणि त्या माणसानं उद्या काय करायचं आहे? मग वर जा.

समजा, मिस्टर ग्रीन, वय ७४, खुब्याचा सांधा बदलून आज घरी निघालेत. नोट्समध्ये लहानपणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे, वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट आहे, निवृत्त बसचालक असल्याची नोंद आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, तिसऱ्या दिवशी जखमेतून स्राव आला होता, स्टेपल्स काढायची तारीख आहे, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन स्वतः टोचून घ्यायला ते घाबरतात. एकटे राहतात, घर पहिल्या मजल्यावर आहे. पत्र कम्युनिटी नर्सला, म्हणजे घरी येऊन काळजी घेणाऱ्या नर्सला, असेल तर जखम, स्टेपल्स, इंजेक्शन आणि ॲलर्जी आधी, एकटेपणा एका वाक्यात. अपेंडिक्स, सिगारेट, बस यांना जागाच नाही. तेच पत्र सोशल वर्करला असेल तर एकटेपणा आणि जिना वर येतात आणि स्टेपल्सचा तपशील गळतो. ड्युटी संपताना पुढच्या पाळीला ओव्हर देताना तुम्ही हेच करता. पुढच्या सिस्टरला फाइल वाचून दाखवत नाही, तिला रात्री काय बघावं लागेल ते सांगता.

पत्राचा हेतू पहिल्याच परिच्छेदात यायला हवा. लेखनाच्या सहा निकषांत 'हेतू' स्वतंत्रपणे तपासला जातो. "आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट डेली वूंड केअर फॉर मिस्टर ग्रीन, हू इज बीइंग डिस्चार्ज्ड टुडे फॉलोइंग अ हिप रिप्लेसमेंट" एवढं एक वाक्य पुरतं. हेतू तिसऱ्या परिच्छेदात सापडत असेल तर व्याकरण कितीही शुद्ध असो, गुण जातातच.

पाठ केलेल्या टेम्प्लेटच्या मी पूर्ण विरोधात आहे. काही क्लासमध्ये आठ-दहा तयार परिच्छेद घोकून घेतात. मग मुली नोट्स त्या साच्यात कोंबतात, आणि साच्यात बसत नाही ती नेमकी महत्त्वाची गोष्ट बाहेर राहते. त्यापेक्षा एकच केस घ्या आणि तिची तीन वाचकांसाठी तीन पत्रं लिहा. दहा वेगवेगळ्या केसची पत्रं लिहिण्यापेक्षा हा सराव जास्त उपयोगी पडतो.

भाषेच्या दोन चुका आपल्याकडे हमखास होतात. नोट्समधले तुटक शब्द तसेच उतरवले जातात. त्यांची पूर्ण वाक्यं करा, बीडी (दिवसातून दोनदा) आणि टीडीएससुद्धा (दिवसातून तीनदा) उलगडून लिहा. आणि तारीख दिली असेल तर "हॅज बीन ॲडमिटेड" नाही, "वॉज ॲडमिटेड". तपासायला शेवटची चार मिनिटं राखून ठेवा आणि तेव्हा फक्त क्रियापदं, नावं आणि डोस बघा.

बोलण्यात दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, आधी तीन मिनिटं तयारीला. इंग्रजी ॲक्सेंट काढू नका, स्पष्ट बोला. समोरचा माणूस पेशंट होतो, गुण तो देत नाही. रेकॉर्डिंग नंतर दुसरे तपासतात. पेशंटला काय वाटतंय हे आधी विचारा आणि मग समजावून सांगा, कारण त्यालाही गुण आहेत.

कुणी एजंट परीक्षा न देता स्कोअर मिळवून देतो म्हणाला तर पैसे तर देऊ नकाच, पासपोर्टची प्रतही देऊ नका. ब्रिटनचं नर्सिंग कौन्सिल निकाल परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून पडताळून घेतं.

एखाद्या भागात थोडक्यात राहिलात तर कौन्सिल बारा महिन्यांतल्या दोन परीक्षांचे गुण अटींसह एकत्र धरतं. अटी आधी वाचा, मगच पुढची तारीख घ्या. निकाल दोन वर्षंच चालतो, तेव्हा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या पडताळणीची कागदपत्रं परीक्षेच्या आधीच मार्गी लावायला घ्या.