टाइल्स चकाचक, पण तलाव ४९.९४ मीटरचा! तरणतलावाच्या नूतनीकरणात या चुका टाळा

आमच्या गावातला सार्वजनिक तरणतलाव दीड वर्ष बंद होता. उघडला तेव्हा फुगे, फीत, भाषणं, तळाला निळ्याशार टाइल्स, सगळं साग्रसंगीत झालं. दोन आठवड्यांतच सरावाच्या मुलांची टायमिंगं सुधारायला लागली. पालक पेढे वाटायच्या बेतात होते. बारा वर्षांचा एक मुलगा मात्र गॉगल कपाळावर सरकवत मला म्हणाला, "काका, सगळेच एकदम कसे फास्ट झाले?"

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी पोलादी टेप घेऊन काठावर हजर. मी पेशाने स्थापत्य अभियंता, आणि कॉलेजात असताना जिल्ह्यापर्यंत पोहलेला. टेपने सांगितलं ४९.९४ मीटर, हवे होते बरोबर पन्नास. पुन्हा मोजलं, शेजारच्या लेनमध्ये मोजलं, तेच.

झालं होतं ते अगदी साधं. जुन्या टाइल्स उखडायचा खर्च वाचवायला त्यांच्यावरच नव्या चिकटवल्या. भिंत ओळंब्यात नव्हती, म्हणून मागचा थर जाड झाला. दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटिमीटर खाल्ले गेले. तीस सेकंदांत पन्नास मीटर जाणाऱ्या मुलाला सहा सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेतीन शतांश सेकंद, आणि पोहण्याच्या शर्यती शतांशावरच ठरतात. शिवाय अशा तलावात कुणी विक्रम केला तरी तो धरला जात नाही. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या (पूर्वीची फिना) नियमांत लांबी किंचित जास्त भरली तर थोडी सूट आहे, कमी भरली तर मुळीच नाही.

म्हणून पहिली ताकीद: लांबी तीनदा मोजा. तोडफोडीआधी, प्लास्टर झाल्यावर आणि टाइल बसवल्यावर. प्रत्येक लेनमध्ये वेगळी मोजा. पाण्याच्या पातळीच्या वर ३० सेंटिमीटरपासून खाली ८० सेंटिमीटरपर्यंत भिंत सरळ आहे ना, तेही तपासा, कारण नियम तेवढ्या पट्ट्याला लागू असतो. आणि पुढे कधी इलेक्ट्रॉनिक टायमिंगसाठी टचपॅड लावायचे असतील, तर एकेक पॅड सुमारे सेंटिमीटरभर जाड असतो. दोन्ही टोकांना लावायचे तर भिंतींमध्ये ५०.०२ मीटर हवेत. अंदाजपत्रकात हे एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ क्वचितच दिसते.

टाइलवाल्याची आणखी एक आवडती चूक तळाच्या काळ्या पट्ट्यांत सापडते. लेनच्या मधोमध जाणारी ही पट्टी भिंतीपासून २ मीटर अलीकडे संपते आणि तिथे एक मीटरची आडवी रेघ येते. पोहणारा ती आडवी रेघ पाहून वळण घेतो. 'अर्धवट वाटतंय' म्हणून कारागिराने पट्टी थेट भिंतीपर्यंत नेली, की फ्लिप टर्न (भिंतीजवळ कोलांटी घेऊन वळण) मारणाऱ्या पोरांच्या टाचा भिंतीवर आपटलेल्याच समजा. काठावर मात्र चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल लावतात, फोटोत छान येते म्हणून. ओल्या पायांनी पळणारी मुलं तिच्यावर घसरतात.

आता टाइल्सच्या मागचं बघू. माझ्या मते नूतनीकरणाचा पैसा डोळ्यांना दिसेल तिथे जातो आणि दुखणं असतं पाइपात. तलाव गळतोय अशी तक्रार असेल, तर भिंतीवर हातोडा मारण्याआधी बादली चाचणी करा. बादलीत पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवा, की आतली आणि बाहेरची पातळी एकसारखी असेल. चोवीस तासांनी दोन्हीकडची घट मोजा. सारखीच असेल तर ते बाष्पीभवन आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी नुसतं उन्हानेही उडू शकतं. तलावाची घट जास्त असेल तर गळती आहे. मग हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असताना घट वाढत असेल तर तलावात परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपावर संशय घ्यायचा. दोन्ही वेळा सारखीच राहिली तर भिंत, सांधे किंवा दिव्यांची खोबणी. २५ मीटर रुंद तलावात एक सेंटिमीटर म्हणजे १२,५०० लिटर, एक मोठा टँकर. असे टँकर रोज ओतणारे लोक ग्राउटिंगवर (टाइल्सचे सांधे भरण्यावर) पैसे घालतात आणि पाइप तसाच राहतो.

तलाव रिकामा कधी करायचा, हा तर वेगळाच विषय. बऱ्याच ठिकाणी मुहूर्त लागतो जूनमध्ये, कारण उन्हाळी बॅचेस संपलेल्या असतात. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, आणि आत पाणी नसलेला तलाव म्हणजे जमिनीत गाडलेलं रिकामं भांडं. खालून दाब आला की तळ उचलला जातो, तडकतो. काळ्या मातीच्या गावांत तर माती फुगते आणि आकसते, तो त्रास निराळा. म्हणून रिकामं करायचं ते कोरड्या दिवसांत, शेजारच्या विहिरीची पातळी पाहून आणि तळाचे दाबमुक्ती व्हॉल्व्ह चालू आहेत याची खात्री करून. पुन्हा भरतानाही घाई नको. टाइल्सचं ग्राउट पक्कं व्हायला जेवढे दिवस उत्पादकाने सांगितलेत, तेवढे जाऊ द्यावेत.

मुलं डोळे लाल करून घरी येतात, खोकतात, आणि पालक म्हणतात, "क्लोरीन जास्त टाकलंय." बहुतेक वेळा खरं उलटं असतं. घाम, लघवी आणि तेलाशी क्लोरीन मिसळून क्लोरामाइन तयार होतात. तो उग्र वास त्यांचाच. स्वच्छ पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनला इतका वास येत नाही. हौशी माणूस अर्धा तास डुंबून निघून जातो. सरावाचा मुलगा मात्र दोन तास पाण्याला नाक लावून श्वास घेतो, म्हणून ही हवा सगळ्यात आधी त्याच्या छातीत जाते. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) आणि पीएच ७.२ ते ७.६ या मर्यादेत ठेवा, दोन्ही दिवसातून निदान दोनदा तपासा आणि आकडे फळ्यावर लिहा. पोहण्याआधी शॉवर सक्तीचा करा. ही सवय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी पाळली जाणारी.

टीसीसीए ९० या क्लोरीन सोडणाऱ्या रसायनाच्या गोळ्या सोयीच्या म्हणून सगळीकडे चालतात. त्यांतून क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिडही पाण्यात येतं आणि ते तिथेच साठत जातं. काही महिन्यांनी मीटर क्लोरीन दाखवतो, पण ते सुस्त झालेलं असतं आणि पाणी हिरवट पडायला लागतं. अशा वेळी आणखी गोळ्या टाकणं म्हणजे आगीत तेल. थोडं पाणी काढून ताजं भरण्याशिवाय इलाज नाही. या गोळ्यांनी पीएचही घसरतो, तो सोडा अ‍ॅशने सावरतात. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर मात्र एका डब्यात, एका चमच्याने, एका कपाटात कधीच नको. आग लागू शकते, विषारी वायू निघू शकतो. अ‍ॅसिडचंही तेच. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि लोकांना रुग्णालयात हलवावं लागलं. नूतनीकरणाच्या नकाशात रसायनांची खोली कपडे बदलायच्या खोलीला चिकटून दिसली, तर तिथेच हरकत घ्या.

फिल्टर प्लांट जुनाच ठेवून तलाव मोठा किंवा खोल करणं हीदेखील नेहमीची गोष्ट. ५० बाय २५ मीटर आणि सरासरी दोन मीटर खोल म्हणजे २५ लाख लिटर पाणी. ते सहा तासांत एकदा पूर्ण गाळायचं तर तासाला सव्वाचार लाख लिटरच्या आसपास पंप आणि फिल्टर लागतात. जुन्या प्लांटची क्षमता किती, हे निविदेआधी विचारा. उत्तर पाटीवर लिहिलेलं असतं, फक्त तिच्यावरची धूळ पुसावी लागते.

स्टार्टिंग ब्लॉकच्या (शर्यतीत सूर मारायच्या ओट्यांच्या) बाबतीत मी जरा चिडूनच लिहितो. आपले कितीतरी जुने तलाव एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला दहा-बारा फूट असे उतरते आहेत. नूतनीकरणात 'स्पर्धेचा तलाव' दिसावा म्हणून ब्लॉक बसवतात, आणि काही महाभाग ते उथळ टोकाला बसवतात, कारण प्रेक्षागृह तिकडे आहे! ब्लॉकखाली निदान १.३५ मीटर पाणी हवं आणि ती खोली भिंतीपुढे सहा मीटरपर्यंत टिकायला हवी. हे किमान झालं, शिकाऊ मुलांसाठी मी त्याहून जास्तच धरेन. तीन फुटांत सूर मारणाऱ्या मुलाची मान तळाला लागली तर पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत जातं. खोली वाढवणं शक्य नसेल तर ब्लॉक बसवूच नका, मुलांना पाण्यात उभं राहून सुरुवात करू द्या.

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण १९७२ मध्ये हायडेलबर्गला मिळालं ते पोहण्यातच, सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी मिळवलेलं. सोलापूर जिल्ह्यातल्या सुयश जाधवने २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण आणलं. तरीही आपल्याकडच्या नव्याकोऱ्या तलावात उतरायला उभी लोखंडी शिडीच असते. उतार किंवा पाण्यात उतरवणारी लिफ्ट तोडफोड चालू असतानाच करून घ्यायची असते. नंतर ती होत नाही.

छप्पर घालायचं ठरलं तर स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावाची गोष्ट आठवा. १९८५ च्या मे महिन्यात तिथल्या तलावाचं टांगलेलं काँक्रीटचं छत कोसळून बारा जण गेले. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांवर टांगलेलं होतं, त्या क्लोरीनयुक्त दमट हवेने आतून पोखरल्या गेल्या होत्या. बाहेरून फारसं दिसलं नव्हतं. 'स्टेनलेस आहे, गंजत नाही' हे वाक्य तलावाच्या छताखाली म्हणायचं नाही. बंद तलावात हवा खेळती नसेल तर क्लोरामाइनही तिथेच तरंगत राहतात. खरं तर महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात बाजूंनी उघडी शेड पुरेशी होते.

तिला अडचण येते ती फक्त थंडीची. स्पर्धेसाठी पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस लागतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात उघड्या तलावाचं पाणी त्याच्या बरंच खाली जातं आणि सराव दोन महिने बुडतो. नेमके तेव्हाच शालेय स्पर्धांचे दिवस असतात. २५ लाख लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण २,९०० युनिट उष्णता लागते. हीट पंपाने विजेचा खर्च त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. पण रात्री पाण्यावर आच्छादन पसरलं नाही तर ही उष्णता बाष्पाबरोबर उडून जाते. आधी आच्छादन घ्या, मग हीट पंपाची फाइल काढा.

एवढं सगळं जमलं तरी मुलांना पाणी मिळेलच असं नाही. पाणी मिळतं ते वेळापत्रकातून. सकाळी सहा ते नऊ पाऊण-पाऊण तासाच्या सभासद बॅचेस, आणि त्यातच 'स्पर्धक' म्हणून दोन मुलांना भिंतीकडची लेन. पाऊण तासात कपडे बदलणं धरून दीड किलोमीटरही होत नाही. गंभीर सरावाला दोन तास लागतात. गोल फिरत पोहले तर एका लेनमध्ये सहा मुलं मावतात. म्हणजे आठांपैकी फक्त दोन लेन, सकाळी दोन तास, एवढ्यावर बारा मुलं तयार होतात आणि सहा लेन सभासदांना राहतातच. हा ठराव काम सुरू होण्याआधी मंजूर करून घ्या. उद्घाटनानंतर प्रत्येक लेनला कुणीतरी मालक झालेला असतो. कोल्हापूरचा वीरधवल खाडे वाढत्या वयातच बेंगळुरूला प्रशिक्षक निहार अमीन यांच्याकडे सरावाला गेला. २००८ ला तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१० ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने कांस्य मिळवलं. भारताला तिथे पोहण्यात पदक मिळालं ते चोवीस वर्षांनी. सगळ्या घरांना मूल असं पाठवणं परवडत नाही.

आणि एक चूक आम्हीही केली, ठेकेदाराने नव्हे. तलाव बंद असताना मुलं कुठे पोहणार, हे कुणी विचारलंच नाही. 'सहा महिन्यांत उघडेल' म्हणाले, लागले अठरा. बाराव्या-तेराव्या वर्षातले अठरा महिने गेले की मूल क्लासला लागतं, क्रिकेटला जातं, मुलींच्या बाबतीत घरून 'आता पुरे' होतं. बंद होण्याआधी आमच्याकडे अकरा जण नियमित सरावाला होते. उघडल्यावर चार आले.

आता ती ४९.९४ ची भिंत दुरुस्त करायला दोन्ही टोकांच्या टाइल्स उखडाव्या लागणार आहेत, निदान दीड महिना. या वेळी कुलूप लागण्याआधी जवळच्या एका महाविद्यालयाशी बोलणं झालंय. त्यांच्या २५ मीटरच्या तलावात सकाळी सहा ते आठ दोन लेन मिळाल्यात. रिक्षाचं भाडं पालकांनी वाटून घेतलंय. टेप माझ्या बॅगेतच आहे.