‘दिला रे, उचल!’ : रविवारच्या गोल्फ राउंडमध्ये या चुका टाळा

आमच्या क्लबात दर रविवारी सकाळी सहा दहाला पहिला ग्रुप सुटतो. कोर्स नऊ होलांचा, दोन फेऱ्या मारल्या की अठरा. बक्षीस म्हणजे तीन बॉलचं खोकं, आणि जिंकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, म्हणजे हिशोबाने तो तोट्यातच. गेली काही वर्षं स्कोअरची कार्डं गोळा करून निकाल लावायचं काम माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे कोण कसा खेळतो यापेक्षा कोण कशात अडकतो हेच मला जास्त ठाऊक. अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, माणसं तेवढी बदलतात. आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच : ‘अहो, फ्रेंडली तर आहे!’

फ्रेंडली आहे म्हणूनच तर नियम पाळायचे. पैशाची मॅच असती तर रेफरी असता. इथे तुमचा रेफरी तुमचाच भिडू, आणि पुढच्या रविवारी त्याच्याच शेजारी बसून पोहे खायचेत.

दिलेला पट घेणं

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

एरवी आठवड्यात आपण चौघं मजेत खेळतो तेव्हा कपापासून वीतभर राहिलेला बॉल ‘दिला’ म्हणायची, म्हणजे शेवटचा हलका शॉट (पट) न मारताच तो पडला असं धरायची पद्धत असते. मॅच प्लेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, ते नियमातही बसतं. प्रतिस्पर्धी तुम्हाला पट देऊ शकतो. पण स्ट्रोक प्ले (एकूण शॉट मोजायचे) असो की स्टेबलफोर्ड (दर होलला पॉइंट मिळवायचे), तिथे द्यायला कुणी नसतंच. तुमची लढत त्या दिवशी आलेल्या सगळ्यांशी आहे, आणि तीन होल मागे असलेल्या माणसाच्या वतीने तुमचा भिडू दानधर्म करू शकत नाही. बॉल कपात पडलाच पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. आठवा होल, पार चार, म्हणजे चार शॉटांत संपवायचा; हँडीकॅपमुळे, म्हणजे खेळाच्या वकुबाप्रमाणे मिळणाऱ्या सवलतीमुळे, मला तिथे एक शॉट वजा मिळतो. तीनमध्ये ग्रीनवर, म्हणजे कपाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पोचलो, पहिला पट कपाच्या अलीकडे वीतभर थांबला. भिडू म्हणाला, ‘दिला रे, उचल.’ वर भुरभुर सुरू झालेली, ग्रिप ओली, आणि हात सवयीचा गुलाम. पटरने बॉल ओढला आणि खिशात टाकला. माझी बॅग वाहणारा कॅडी हळूच म्हणाला, ‘साहेब, आज कार्ड हाय.’ मला ऐकू आलं होतं. पण माणसाला ‘चुकलं’ म्हणायला जड जातं, त्यात पाऊस. मी तसाच नवव्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला शॉट मारायच्या जागी गेलो आणि ड्रायव्हर मारला.

तो वीतभर पट पाडला असता तर पाच, म्हणजे शॉट वजा करून पार, दोन पॉइंट. न पाडता पुढे गेलो म्हणून शून्य. संध्याकाळी निकाल लागला : मी 37, पहिला 38.

खरी बोच पुढची आहे. खूण न करता ग्रीनवरचा बॉल उचलला तर दंड एकच शॉटचा, आणि बॉल जिथून उचलला तिथेच ठेवून पट पाडायचा. तेवढं केलं असतं तरी सहा, एक पॉइंट. मीही 38, आणि बरोबरी झाली की आमच्याकडे शेवटच्या नऊ होलांचे पॉइंट बघतात, तिथे मीच पुढे होतो. म्हणजे चूक केल्यावरही वाचता येत होतं. वाचलो नाही, कारण पुढच्या टीवरून शॉट मारला की ते दार बंद होतं.

आता मी काय करतो, तर रविवारी ग्रीनवर पाय ठेवला की बॉलच्या जागेची खूण करायचं मार्कर-नाणं हातातच ठेवतो. हात मोकळा नसला की उचलाउचली होत नाही. आणि कुणी ‘दिला’ म्हणालाच तर ‘ठेव तुझ्याकडे’ म्हणतो. आगाऊ वाटतं, पण चालतं.

‘अजून एक मारतो’

टी-शॉट उजवीकडे बाभळीत गेला. खेळाडू पुटपुटतो, ‘अजून एक मारतो,’ आणि खिशातून दुसरा काढून मारतो. पुढे जाऊन बघतो तर पहिला बॉल छान मोकळ्यात. खूश होऊन तो खेळतो. आणि मी वाईट माणूस ठरतो, कारण त्याला सांगावं लागतं की तो बॉल आता तुझा नाही.

दुसरा बॉल प्रोव्हिजनल (तात्पुरता) आहे हे मारण्याआधी बोलून सांगावं लागतं. तो शब्दच हवा असं नाही, पण अर्थ स्पष्ट हवा. ‘पहिला सापडला नाही तर म्हणून एक मारून ठेवतो’ चालतं. नुसतं ‘अजून एक मारतो’ चालत नाही. असं म्हणून मारलात की पहिला बॉल संपला, दुसराच खेळात आला, आणि दंडाचा एक धरून तो तुमचा तिसरा शॉट. पहिला सापडला म्हणून तोच खेळलात तर तो चुकीचा बॉल, वर आणखी दोन शॉट. ही शब्दांची खुसपटं नाहीत. न सांगता दोन बॉल मारायची मुभा दिली तर माणूस दोन्हीतला बरा निवडेल. तुम्ही निवडणार नाही हो, पण दुसरा एखादा निवडेल.

शोधायला वेळ तीन मिनिटं. 2019 पर्यंत पाच होती, आणि जुने लोक अजून पाचाच्याच हिशोबाने झुडपं झोडपतात. मी घड्याळ लावतो. आमचा आगेवाला (पुढे उभा राहून बॉल कुठे पडतो ते बघणारा) तर मनातल्या मनातच मोजतो, आणि वेळ झाली की न बोलता पुढे चालू लागतो. त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस आमच्या कमिटीतही नाही.

वेळेत बॉल न उचलणं

यावर ओळभरच लिहायचं ठरवलं होतं, पण मागच्या रविवारी साडेपाच तास लागले म्हणून जास्त लिहितो.

स्टेबलफोर्ड ही पद्धत लिव्हरपूलजवळच्या वॉलेसी क्लबातल्या डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची, तिथे 1932 मध्ये ती पहिल्यांदा स्पर्धेत आली. एखाद-दोन होल बिघडले म्हणून सकाळ वाया जाऊ नये, एवढाच तिचा मतलब. शॉट वजा करून पार आला की दोन पॉइंट, एक जास्त झाला की एक, दोन जास्त झाले की शून्य. एक कमी, म्हणजे बर्डी झाली की तीन; दोन कमी, म्हणजे ईगल झाला की चार. आता पार चारचा होल, तुम्हाला एक शॉट. सहामध्ये पाडलात तर एक पॉइंट, सातला काही नाही. सहा मारून झाले आणि बॉल अजून बाहेर आहे? उचला. बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात उभं राहून नववा, दहावा मारण्याने स्टेबलफोर्डसाहेबांचाही अपमान होतो आणि मागच्या दोन ग्रुपांचाही. नवशिके म्हणतात, ‘शिकायला मिळतं.’ शिकायला सरावाची रेंज आहे, आठवड्याचे सहा दिवस आहेत.

त्यासाठी आपल्याला कुठल्या होलवर किती शॉट मिळतात ते आधी माहीत हवं. कार्डावर होलचा नंबर वेगळा आणि स्ट्रोक इंडेक्स, म्हणजे जादा शॉट कुठल्या होलवर आधी मिळतात तो क्रम वेगळा. कोर्सवरचा हँडीकॅप 22 असेल तर प्रत्येक होलवर एक, आणि इंडेक्स एक ते चारवर दोन. पहिल्या टीवर पेन्सिलीने ठिपके देऊन टाका.

कँटीनमध्ये कार्ड भरणं

हा दुसरा लाडका प्रकार. चौघं राउंड संपवून येतात, पोहे मागवतात आणि मग एक जण चारही कार्डं पुढ्यात ओढून भरायला बसतो. एकच पेन, एकच अक्षर, वर तर्रीचा डाग.

‘पाचव्यावर मला किती?’

‘पाच.’

‘सहा असतील रे, बंकर होता ना.’

‘हो, मग सहा.’

मी पलीकडच्याच टेबलावर होतो. कॅडी बाहेर बॅगा पुसत होता, त्याला विचारलं. मान वर न करता तो म्हणाला, ‘सात. बंकरात दोन न्हाई, तीन मारल्यात.’ तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, चौथा पोह्यांकडे बघत राहिला. खोटं कुणीच बोलत नव्हतं. चार तासांनंतर स्वतःचे नव्वद-शंभर शॉट कुणाला आठवतात? आठवतात ते चांगले, बंकरातले फसलेले मेंदू गुपचूप पुसून टाकतो.

म्हणून कार्ड तुमचं तुमच्याकडे नसतंच, मार्करकडे, म्हणजे तुमचा स्कोअर लिहायला नेमलेल्या भिडूकडे असतं. तुमचा स्कोअर त्याने लिहायचा, शेवटी तुम्ही तपासायचा, दोघांनी सही करायची. सही करून कार्ड दिल्यावर खऱ्यापेक्षा कमी आकडा निघाला तर बाद होण्याची पाळी, जास्त निघाला तर तो जास्तीचा आकडा कायम. हे सांगितलं की लोक हसतात, तेव्हा मी अर्जेंटिनाच्या रॉबेर्तो दे विसेन्सोचं नाव घेतो. 1968 चं मास्टर्स, ही अमेरिकेतली मोठी स्पर्धा, शेवटचा दिवस, त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस. सतराव्यावर त्याने तीनमध्ये बर्डी केली, जगाने टीव्हीवर बघितली. मार्कर टॉमी आरनने चार लिहिले, दे विसेन्सोने न बघता सही केली. 65 चे झाले 66, बरोबरी हुकली आणि बॉब गोल्बी जिंकला. लबाडी कुणाचीच नव्हती, नुसतं कार्ड वाचायचं राहिलं.

माझी सवय अशी : ग्रीनवर उभं राहून लिहायचं नाही, मागचे ताटकळतात. पुढच्या टीवर जाताना प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. शंका आली की शॉट मोजायचे नाहीत, चालत चालत जागा म्हणायच्या : टी, बाभूळ, फेअरवे, बंकर, बंकर, बंकर, ग्रीन, पट, पट. जागा विसरत नाहीत, आकडे विसरतात.

हँडीकॅप सांभाळणारे

2020 पासून जगभर एकच हँडीकॅप पद्धत आहे : शेवटच्या 20 राउंडांतले सगळ्यात चांगले आठ धरायचे. काही हुशार मंडळी हँडीकॅप फुगवायला फक्त वाईट कार्डं जमा करतात, चांगली खिशात विरतात, आणि मग बक्षिसाच्या रविवारी 45 पॉइंट घेऊन उभी राहतात. हँडीकॅपप्रमाणे नीट खेळलेल्या माणसाचे 36 च्या आसपास होतात. पंचेचाळीस बघून टाळ्या कमी आणि कुजबुज जास्त होते. तीन बॉलच्या खोक्यासाठी एवढं? उलट टोकाचेही आहेत : मान राहावा म्हणून हँडीकॅप कमी ठेवतात आणि दर आठवड्याला 24 पॉइंटवर रडतात. त्यांची निदान दया येते.

बाकी फुटकळ. बॉलवर स्केचपेनने स्वतःची खूण करा, एकाच कंपनीचे एकाच नंबरचे बॉल दोघांकडे निघतातच. बॅगेत चौदाच्या वर क्लब (खेळायच्या काठ्या) नकोत, मुलाची वेज राहून गेली होती ही सबब चालत नाही. टी-टाइमला, म्हणजे ठरलेल्या सुटायच्या वेळेला, पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर दोन शॉट, त्यापुढे नाव कापलं. रहदारी सगळ्यांनाच लागते. पावसाळ्यात फेअरवेवर साचलेल्या पाण्यातून, किंवा स्वतःच्याच खड्ड्यात चिखलात रुतलेल्या बॉलला फुकट ड्रॉप मिळतो, म्हणजे दंडाशिवाय तो हाताने दुसरीकडे टाकता येतो, पण तो गुडघ्याच्या उंचीवरून, खांद्यावरून नाही. कावळ्याने बॉल पळवलेला सगळ्यांनी बघितला तर होता तिथे दुसरा ठेवा, दंड नाही, कावळ्याच्या मागे धावू नका. शनिवारी रात्री मोबाइलवर बघितलेला नवा स्विंग रविवारी सकाळी आणू नका. तो सोमवारपर्यंत थांबेल.

आणि पेन्सिल स्वतःची आणा. मी उसनी देणं बंद केलंय, गेल्या पावसाळ्यातल्या चार अजून कुणाच्या तरी बॅगेत आहेत.