सासूबाईंची लिट्टी

माझ्या सासूबाई बिहारमधल्या बक्सरच्या. तिथे अगहनाच्या वद्य पक्षात, म्हणजे आपल्या कार्तिक वद्यात, पाच ठिकाणांची पंचकोसी परिक्रमा असते आणि शेवटच्या दिवशी तिथल्या चरित्रवनात गोवऱ्यांवर घरोघरच्या लिट्ट्या (सत्तू भरलेले कणकेचे गोळे) भाजल्या जातात. विश्वामित्रांच्या आश्रमात रामानेही हेच खाल्लं, अशी तिथली श्रद्धा.

पाव किलो सत्तूत (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ) ठेचलेला लसूण, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओवा, कलौंजी (कांद्याचं बी म्हणतात ती), मीठ, लिंबू आणि भरल्या लाल मिरचीच्या लोणच्याचा मसाला घाला. वर दोन चमचे कच्चं मोहरीचं तेल. तेल बदलू नका, चव तिथेच आहे. पाण्याचा हबका मारून मुठीत दाबून बघा: मुटका वळला पाहिजे, पण बोट लावताच फुटला पाहिजे. सारण कोरडं राहिलं तर घास घशात अडकतो. माझ्या पहिल्या लिट्ट्या तशाच झाल्या होत्या. सासूबाईंनी काही न बोलता माझ्या हातावर अजून थोडं तेल ओतलं.

अर्धा किलो कणीक ओवा, मीठ, थोडं तूप घालून घट्ट मळा. पुरणासारखं सारण भरून गोळे बंद करा.

गोवऱ्यांचा धूर संपून निखारे पांढुरके झाले की मगच लिट्टी ठेवा, सारखी फिरवा. त्याच निखाऱ्यांत लसूण खोचलेलं वांगं आणि टोमॅटो भाजा. उकडलेल्या बटाट्यासोबत कुस्करलं, कच्चं तेल घातलं की चोखा झाला.

लिट्टी फडक्यात घोळवून राख झटका, फोडा आणि तुपात बुडवा.