गणपतीत ब्रेक्झिटवरून वाद निघाला तर तो कसा चालवायचा

आमचं घर वेंगुर्ल्याकडे, आत्या दिलेली गोव्यात, पेडण्यात. २०१९ च्या गणपतीत ब्रिटनमध्ये राहणारे आतेभाऊ स्विंडनवरून आणि चुलतभाऊ लेस्टरवरून एकदमच आले, रात्रीची आरती झाली, सगळे खळ्यात बसले आणि कोणीतरी सहज विचारलं, काय रे तुमच्या ब्रेक्झिटचं काय? ब्रेक्झिट म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन हा देशांचा गट सोडणं. थोडेच दिवस आधी तिथले पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट काही आठवडे बंद ठेवायचं जाहीर केलेलं, दोघंही आधीच तापलेले, आणि पंधरा मिनिटांत गोष्ट "तू पासपोर्टासाठी देश सोडलास" इथपर्यंत गेली. आत्या पान तसंच टाकून उठली. ते मला अजून लागतं. म्हणून त्यानंतर घरी आणि गावच्या वाचनालयात हा विषय निघाला की मी तो कसा चालवतो ते लिहितोय, कारण विषय टाळणं मला पटत नाही, आपली माणसं त्यात आहेत.

पहिलं काम, कोणाच्या हातात काय होतं ते आधी बोलून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याला मत होतं, कारण भारत कॉमनवेल्थमध्ये. पण गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्टवर (गोवा आधी पोर्तुगालकडे होता म्हणून तो मिळतो) गेलेल्याला, म्हणजे माझ्या आतेभावासारख्याला, नव्हतं, युरोपियन युनियनच्या नागरिकांपैकी फक्त आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसवाल्यांना होतं. म्हणजे माझ्या चुलतभावाने मत दिलं आणि ज्याचं तिथलं राहणंच पणाला लागलेलं तो आतेभाऊ नुसता बघत बसला. उलट चुलतभावाचं दुखणंही खोटं नाही, त्याच्या सख्ख्या भावाला व्हिसासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे आणि युरोपातला कोणीही बॅग उचलून आला की कामाला लागला. ही दोन वाक्यं दोघांच्या तोंडून शांतपणे आली की अर्धा वाद तिथेच बसतो.

मग "बाहेर पडायचं" म्हणजे नक्की कशातून ते विचारा. मतपत्रिकेवर राहायचं की सोडायचं एवढंच होतं, कसं सोडायचं ते नव्हतंच. इथे मी वाटणीचं उदाहरण देतो, ते आमच्याकडे लगेच कळतं. चूल वेगळी केलीत, ठीक, पण विहीर सामाईक ठेवणार का, पाणंद कोणाची, आणि गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, कुठे घालणार? विहीर म्हणजे सिंगल मार्केट (युनियनचा सामाईक बाजार) आणि कस्टम्स युनियन (आपसात जकात नाही) समजा. गडगा म्हणजे आयर्लंड. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, खालचं आयर्लंड युनियनमध्ये, मधे सुमारे ५०० किलोमीटरची हद्द, आणि १९९८ च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या त्या पुन्हा उभ्या करायच्या नाहीत यावर सगळे ठाम. विहीर सोडायची, गडगाही घालायचा नाही, हे जमवता जमवता जॉन्सनच्या आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार जानेवारी २०१९ मध्ये पार्लमेंटमध्ये ४३२ विरुद्ध २०२ असा पडला. उदाहरण मात्र इथपर्यंतच ताणा, कारण वाटणीत भाऊ सात-आठ असतात, इथे एक बाजू एकटी आणि समोर २७ देश.

आकडा कोणी फेकला की पट्टी मागा. आंबेवाल्यांना हे सांगायला नको, वाशीला पेटी कितीला गेली ते कोणीही सांगतो पण भाडं, हमाली, कमिशन वजा जाऊन हातात काय आलं ते पट्टीवरच दिसतं. युनियन सोडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेलं की आठवड्याला ३५ कोटी पौंड युनियनला जातात, तो वजावटीच्या आधीचा आकडा होता, ब्रिटनला मिळणारी सूट आधीच कापली जायची म्हणजे तेवढे पैसे कधी जातच नव्हते, आणि तिथल्या सरकारी आकडेवारीवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनेही ते दिशाभूल करणारं म्हटलं.

आंब्याचा मुद्दा तर निघणारच. १ मे २०१४ पासून, ऐन सीझनमध्ये, युनियनने आपला हापूस बंद केला, सोबत अळू, कारली, वांगी, पडवळ पण, फळमाशी सापडली म्हणून. बघा ब्रसेल्सने, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, ठरवलं आणि ब्रिटनला ऐकावं लागलं, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या, पण पुढचंही सांगा, की ब्रिटिश सरकारने स्वतःच त्या बंदीची बाजू घेतली, त्यांना त्यांचे टोमॅटो-काकड्या वाचवायच्या होत्या. आणि २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली तेव्हा ब्रिटन युनियनमध्येच होता.

मच्छीमार बसलेले असतील तर त्यांना मधे तोडू नका. आमच्याकडे एक काका म्हणाले, "आमच्या दर्यात दुसऱ्याची होडी कित्याक?" आणि इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीसारख्या बंदरात सुमारे ७० टक्के लोकांनी सोडायला मत का दिलं ते मला तेव्हा कळलं, परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर जाळी फाडून गेले की काय होतं ते आम्ही बघितलंय. पण मासा नुसता पकडून चालत नाही, खपावाही लागतो. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडचे खेकडे आणि शेवंडं कागदपत्रांत अडकून पडली, गिऱ्हाईक फ्रान्स-स्पेनमध्ये, माल नासायला लागला, तेव्हा मासळीवाल्यांनी लॉऱ्या थेट लंडनला पार्लमेंटजवळ नेल्या. आणि युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत येऊ द्यायचं, हे २०२५ मध्ये मान्यही झालं. हे काकांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले बर्फाचा खर्च कोणी दिला?

गोव्याचा जनमत कौलही कोणीतरी काढेल, १६ जानेवारी १९६७, विलीनीकरणाचं फूल की वेगळं राहण्याची दोन पानं. चालेल, पण विषय पलटू देऊ नका. तिथे महाराष्ट्रात यायचं की नाही एवढा सरळ प्रश्न होता आणि ३४,०२१ मतांनी निकाल लागला. विलीनीकरणवाले हरले, तरी काही आठवड्यांतच त्यांचेच नेते भाऊसाहेब बांदोडकर यांना लोकांनी पुन्हा मुख्यमंत्री केलं. आमची आत्या हे फार चांगलं सांगते, तिला सांगू द्या.

शेवटी हात वर करून मत घेऊ नका. ५१.९ विरुद्ध ४८.१ झालं की काय होतं ते बघितलंत, स्कॉटलंडमध्ये तर ६२ टक्के राहायच्या बाजूने होते आणि त्यांनाही जावं लागलं. त्यापेक्षा शेवटी बोलायची पाळी ज्याला मत नव्हतं त्याला द्या आणि तो बोलत असताना चहासाठीसुद्धा कोणी उठू नका.