अंडी आणि मांसासाठी कोंबडीपालन: पिल्ले आणण्यापासून शेड रिकामी करेपर्यंत

पिल्ले आणण्यापूर्वीच कोंबड्या प्रामुख्याने अंड्यांसाठी पाळायच्या की मांसासाठी, हे ठरवावे. ब्रॉयलर, म्हणजे खास मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या जातींची पिल्ले साधारण 6 आठवड्यांत 2 किलोच्या आसपास वजन गाठतात. मात्र त्या वेगवान वाढीचा पायांवर आणि हृदयावर ताण येत असल्याने त्यांना अंड्यांच्या आशेने पुढे सांभाळण्यात अर्थ नसतो. उलट व्हाईट लेगहॉर्नसारखी हलकी कोंबडी वर्षाला 250हून अधिक अंडी देऊ शकते, पण तिच्या अंगावर मांस फारसे धरत नाही. घरापुरती अंडी आणि अधूनमधून मांस असे दोन्ही हवे असेल, तर ऱ्होड आयलंड रेडसारखी दुहेरी उपयोगाची जात घ्यावी. अंडी काहीशी कमी मिळतात, पण जास्तीचे नर मांसासाठी वाढवता येतात, आणि लहान कळपासाठी मला हीच निवड सर्वांत शहाणपणाची वाटते.

पहिले तीन आठवडे सर्वाधिक लक्ष मागतात. पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा दिवा, सुरू करून जमिनीवर अंथरलेले तूस उबदार करून घ्यावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 33 ते 35 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे 3 अंशांनी उतरवत न्यावे. थर्मामीटर जरूर लावावा, पण अधिक विश्वास पिल्लांच्या वागण्यावर ठेवावा. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघड्या टाकून कडेला पळाली असतील तर उष्णता जास्त झाली आहे. आणि सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतो आहे. आल्याबरोबर प्रथम कोमट पाणी द्यावे, काही पिल्लांच्या चोची हलकेच पाण्यात बुडवून दाखवाव्यात आणि मग खाद्य पसरावे.

पिल्लांच्या खाद्यात सुमारे 20 टक्के प्रथिने लागतात, ब्रॉयलरला सुरुवातीला याहून थोडी जास्त. अंड्यांवरील कोंबडीला 16 ते 18 टक्के प्रथिने पुरतात, परंतु कवचासाठी तिच्या खाद्यात 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असावे लागते. हेच खाद्य वाढत्या पिल्लांना घातल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते, म्हणून दोन्ही वयांचे पक्षी एकाच भांड्यावर सोडू नयेत. मोठी कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या जवळपास दुप्पट पाणी पिते; पाणी काही तास जरी तुटले तरी अंडी घटतात.

रोगांचा विचार करताना बहुतेक जण आधी औषधाकडे वळतात, पण माझ्या मते खरी सुरुवात तुसापासून होते. मूठभर तूस हातात घेऊन दाबावे: गोळा होऊन तसाच राहिला तर ते ओले आहे, हात उघडताच हळूहळू सुटले तर योग्य आहे, आणि अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार कोरडे आहे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो वास उभे राहून पुष्कळदा जाणवत नाही, म्हणून कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर वायुवीजन वाढवून ओला भाग त्याच दिवशी काढून टाकावा. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा रोज पाहावी, कारण ओल तिथूनच सुरू होते. मानमोडी आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लसी पशुवैद्यकाने दिलेल्या वेळापत्रकानुसार द्याव्यात आणि बाहेरून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा.

तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या, साधारण 18 ते 22 आठवड्यांच्या झाल्या की अंड्यांवर येतात. त्या वेळी दिवस-रात्रीत मिळून 14 ते 16 तास उजेड मिळेल अशी सोय करावी. अंडी सुरू असताना तो कमी होऊ देऊ नये. अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारे खोके पुरते. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत आणि थंड पाण्याने धुऊ नयेत, कारण त्यामुळे कवचाच्या छिद्रांतून जंतू आत ओढले जातात.

कोणती कोंबडी अंडी देत नाही, हे हाताने कळते. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या गुदद्वाराजवळच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन ते तीन बोटे मावतात आणि गुदद्वार रुंद व ओलसर असते. न देणाऱ्या कोंबडीत ही हाडे जेमतेम बोटभर अंतरावर आणि घट्ट लागतात. खुडूक झालेली (अंडी उबवायला बसलेली) किंवा पिसे गाळत असलेली कोंबडी काही काळ अशीच लागते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच तिला मांसासाठी काढावे.

मांसासाठीच्या पक्ष्यांचे खाद्य कापण्यापूर्वी 8 ते 12 तास बंद करावे, पाणी मात्र चालू ठेवावे. औषध दिले असेल तर त्याचा ठरलेला वर्ज्य काळ, म्हणजे औषधानंतर मांस खाऊ नये असा काळ, पूर्ण झाल्याशिवाय पक्षी कापू नये. स्वच्छ केलेले मांस लगेच थंड करून 4 अंशांच्या खाली ठेवावे. शेड रिकामी झाल्यावर जुने तूस पूर्ण बाहेर काढावे, जमीन धुऊन निर्जंतुक करावी आणि किमान दोन आठवडे ती कोरडी पडू द्यावी. त्यानंतरच पुढची पिल्ले आणावीत.