थेंबांचं गणित
जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, नाशिकला आले तेव्हा सुईपेक्षा डोसच्या गणिताची धास्ती जास्त. दहावीत गणितात काठावर सुटलेली मी! पहिल्याच चाचणीत मिलिग्रॅमचे मायक्रोग्रॅम करताना एक शून्य खाल्लं.

मग पंचवटीतल्या खोलीवर तापाच्या सिरपची रिकामी बाटली पुढ्यात घेऊन बसले. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम. २०० हवेत तर? आधी अंदाज: ५ मिलीपेक्षा जास्त, १० पेक्षा कमी. मग हिशेब: ८ मिली. अंदाजाबाहेर उत्तर आलं की समजायचं, कुठेतरी माती खाल्ली.

सलाइनचंही तेच. ५०० मिली, ४ तास, मिलीला २० थेंब पाडणारा नळीचा सेट: १०,००० थेंब भागिले २४० मिनिटं, मिनिटाला साधारण ४२ थेंब. नाशिकरोडच्या बसमध्ये घड्याळाकडे बघत बोटांनी थेंब मोजायचे. शेजारच्या मावशींना वाटायचं, जप चाललाय.

अजूनही उत्तर आलं की मैत्रिणीला माझं न दाखवता तेच सोडवायला लावते.