पहिल्या व्यावसायिक छायाचित्रणाचा दर आणि वापराचा परवाना कसा ठरवावा

व्यक्तिचित्रे काढणाऱ्या छायाचित्रकाराला शूटचे आणि प्रिंटचे पैसे घेण्याची सवय असते. एखाद्या कंपनीचे पहिले काम येते तेव्हा हाच हिशेब लावला, तर मोबदल्याचा मोठा भाग हातचा जातो, कारण कंपनी ती छायाचित्रे आपला माल किंवा सेवा विकण्यासाठी वापरणार असते. म्हणून कोटेशनमध्ये मेहनताना आणि वापराचा परवाना, म्हणजे छायाचित्रे ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक काळ वापरण्याची परवानगी, या दोन रकमा वेगळ्या दाखवाव्यात.

फोनवर कोणी "अंदाजे किती घ्याल?" असे विचारले, तरी लगेच आकडा सांगू नये, एकदा तोंडातून गेलेला आकडा पुढे वाढवता येत नाही. आधी किती जणांची छायाचित्रे हवीत, ती कुठे आणि किती काळ वापरली जातील, अंतिम निवड कोण करील, हे विचारून घ्यावे आणि मगच लेखी कोटेशन पाठवावे.

मेहनताना ठरवताना उपकरणे, विमा, सॉफ्टवेअर, जागा यांचा वर्षभराचा खर्च आणि स्वतःला हवे असलेले उत्पन्न यांची बेरीज करून तिला वर्षात प्रत्यक्ष मिळणाऱ्या शूटच्या दिवसांनी भागावे. पत्रव्यवहार, निवड आणि रिटचिंग (संगणकावर छायाचित्र सुधारणे) यांतच बरेच दिवस जात असल्याने हे दिवस वाटतात त्याहून खूप कमी भरतात. सहायक, मेकअप, स्टुडिओचे भाडे आणि प्रवास यांचा खर्च वेगळा लावावा.

परवान्याची रक्कम माध्यम, प्रदेश, मुदत, छायाचित्रांची संख्या आणि वापर केवळ त्याच ग्राहकापुरता राखीव आहे की नाही, यांवर ठरते. संचालकाचे छायाचित्र संकेतस्थळावरील परिचयात असणे आणि तेच छायाचित्र वर्षभर शहरोशहरीच्या होर्डिंगवर झळकणे, या दोहोंची किंमत एक असू शकत नाही, मग शूटला तेवढाच वेळ का लागलेला असेना. त्यामुळे करारातील वाक्य नेमके असावे: "निवडलेली ६ छायाचित्रे, कंपनीचे संकेतस्थळ आणि समाजमाध्यमांवरील खाती, २ वर्षे, सशुल्क जाहिरात आणि त्रयस्थांना हस्तांतर वगळून."

"सगळे हक्क द्या" ही मागणी पुष्कळदा सवयीने केलेली असते. नेमका वापर विचारला की तो मर्यादितच निघतो, असा अनुभव बहुतेकांना येतो. तरीही आग्रह राहिला, तर त्याची वेगळी आणि बरीच मोठी रक्कम सांगावी. बजेट कमी असेल, तर दर न उतरवता मुदत किंवा माध्यमे कमी करावीत.

कॉपीराइट कोणाचा, हे गृहीत धरू नये. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यानुसार तो सामान्यतः छायाचित्रकाराकडे राहतो, तर भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसल्यास, काम देणाऱ्याकडे जातो. त्यामुळे आपल्या देशाचा कायदा पाहावा आणि मालकीचे कलम शूटपूर्वीच सही करून घ्यावे. कॉपीराइट आणि छायाचित्रातील व्यक्तीची संमती या वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीसाठी प्रत्येकाचे लेखी संमतिपत्र घ्यावे, मग ती व्यक्ती कंपनीची कर्मचारी का असेना.

आगाऊ रक्कम, रिटचिंगच्या फेऱ्या आणि काम रद्द झाल्यास आकारायचे शुल्क कोटेशनमध्येच लिहावे. परवाना पूर्ण रक्कम मिळाल्यावरच लागू होईल, असेही नमूद करावे. परवान्याची मुदत संपण्याची तारीख नोंदवून ठेवावी आणि तिच्या महिनाभर आधी ग्राहकाला नूतनीकरणाचा दर कळवावा.